घरगट सुरू करायचेत: कॉटेज मीटिंगपेक्षा वेगळं नेमकं काय करायचं?

दापोडीकर:
जय ख्रिस्त. आमची मंडळी सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), साधारण ९० कुटुंबं. पास्टोरेट कमिटीने (मंडळीचा कारभार बघणारी समिती) लेंटपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळापासून, घरगट (घरी जमणारे लहान प्रार्थनागट) सुरू करायचं ठरवलंय. कॉटेज मीटिंग आमच्याकडे पहिल्यापासून आहे: शुक्रवारी कुणाच्या तरी घरी चाळीस-पन्नास माणसं, पाळकसाहेबांचा संदेश, मग पोहे. त्यामुळे निम्मी कमिटी म्हणते, "हे तर आपण करतोच की." गटात माणसं किती असावीत? प्रमुखाने संदेश द्यायचा का? अर्पण घ्यायचं का, प्रभुभोजनाचं (भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं) काय? आणि खाण्याचं काय करायचं, कारण कॉटेज मीटिंग घरी घ्यायला लोक बिचकतात ते त्याच्यामुळेच. ज्यांनी गट चालवलेत त्यांनी तपशिलात सांगावं. "प्रार्थनेने सुरुवात करा" हे माहीत आहे.

वर्गप्रमुख:
कॉटेज मीटिंग म्हणजे रविवारची उपासना लहान करून कुणाच्या हॉलमध्ये मांडलेली. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. तिथे पंधरा आले काय आणि पन्नास आले काय, काही बिघडत नाही. घरगटात मात्र आलेल्या प्रत्येकाचं तोंड उघडलं पाहिजे. ही एक अट पक्की धरली की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं गणितानेच सुटतात. वचनावर, म्हणजे वाचलेल्या बायबलच्या उताऱ्यावर, बोलायला माणशी तीन मिनिटं आणि प्रार्थनेची विनंती सांगायला दीड मिनिट धरा. बारा माणसांना जवळजवळ तासभर लागतो. वीस माणसांना दीड तास नुसता बोलण्यातच जाईल, म्हणून चौघं बोलतात आणि सोळा जण परत श्रोते होतात. तेव्हा आठ ते बारा. पाचाच्या खालीही नको; एक आजारी पडला, एक गावी गेला की गटच नाही.

वेळ दीड तास. साडेसात म्हणजे साडेसात, दोघंच आलेले असले तरी गाणं सुरू करायचं. वाट बघत बसलात की पुढच्या आठवड्यात तेही दोघं पावणेआठला येतात. दोन गाणी, एक वाचन, त्यावर चाळीस मिनिटं बोलणं, वीस-पंचवीस मिनिटं विनंत्या आणि प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. नऊला संपलंच पाहिजे. सकाळच्या पाळीला जाणारा माणूस पुन्हा यावा असं वाटत असेल तर नऊ ही वेळ पाळा.

प्रमुखाने संदेश द्यायचा नाही. त्याची तयारी म्हणजे चार प्रश्न, पण ते नीट घडवलेले हवेत. मार्क २:१-१२ घ्या, कफर्णहूमातला पक्षाघाती: गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून त्याला बाजेसकट छपरातून येशूपुढे सोडलं, ती गोष्ट. "येशूला पापांची क्षमा करायचा अधिकार आहे ना?" असं विचारलंत तर सगळे "हो" म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी: बाज उचलणारे चौघं होते, त्यांच्यापैकी एकानेही तोंडातून शब्द काढल्याचं लिहिलेलं नाही, मग येशूला त्यांचा विश्वास कशात दिसला? त्या घरात बसायला जागा कुणाला मिळाली होती? त्या माणसाने चालायची आशा धरली होती, आणि आधी ऐकायला मिळालं ते पापांच्या क्षमेबद्दल. तुम्ही त्या बाजेवर असता तर काय वाटलं असतं? शेवटचा प्रश्न नेहमी आपल्या आठवड्याचा: सध्या आपल्यापैकी कुणाची बाज उचलायची आहे, आणि तिचे चार कोपरे कोण धरणार? उत्तरात नावं आली पाहिजेत. "आपण एकमेकांना मदत केली पाहिजे" हे उत्तर धरू नका.

चांगला वक्ता बहुतेक वेळा वाईट प्रमुख ठरतो. त्याला शांतता सहन होत नाही. प्रश्न विचारून मनात वीस आकडे मोजता येतात असा माणूस शोधा. बाई असेल तर उत्तमच. बारा मोजायच्या आतच कुणीतरी बोलतं, अनुभवाने सांगायची गरज नाही इतकं ते ठरलेलं आहे.

ही कल्पना नवी आहे असं कमिटीत कुणी म्हणालं तर १७४२ सालचं ब्रिस्टल सांगा. मेथडिस्टांच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला आठवड्याला माणशी एक पेनी काढायची ठरली, आणि बारा-बारा जणांमागे एक माणूस वसुलीला नेमला. तो घरोघर फिरायला लागला तेव्हा कोण आजारी आहे, कोण दारूकडे परत वळलंय, कुठे भांडण पेटलंय हे कळायला लागलं. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्यातली खरी गरज ओळखली. मग घरोघर जाणं बंद करून बाराही जणांना एकत्र बसवायला लागले. कारणं अगदी व्यवहाराची होती: एकेकाकडे जाण्यात फार वेळ जायचा, बरेच जण दुसऱ्याच्या घरी नोकर होते आणि मालक भेटू देत नसत, आणि कुणाबद्दल तक्रार आली तर दोघं समोरासमोर असल्याशिवाय खरंखोटं कळत नसे. आमच्याकडे या गटाला अजून क्लासच म्हणतात.

पेटीवाली:
खाण्याबद्दल आधी बोलते, कारण गट तिथेच मरतात. पहिल्या घरी चहा-बिस्कीट, दुसऱ्या घरी चहा-सामोसा, तिसऱ्या घरी पावभाजी. पाचव्या घराची बाई म्हणते, "आमच्याकडे जागा कमी आहे हो, पुढच्या महिन्यात बघू." जागा कमी नसते, तिला पावभाजीच्या वरचं काहीतरी करणं परवडत नसतं. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात ज्याच्यावर इतकं कडक लिहिलंय तेही घरातच जमणाऱ्या मंडळीचं जेवण होतं: एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. तेव्हा पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकायचा, चहा आणि एक पुडा बिस्किटं, शेवटच्या प्रार्थनेनंतर. नियम प्रमुखाने नाही, गटातल्या सगळ्यात ऐपतदार घराने मांडायचा आणि आपल्या घरी पहिल्यांदा पाळायचा. दुसऱ्या कुणी मांडला तर गरिबाची सोय केल्यासारखं वाटतं, आणि तेही लागतं. घरधनीण चहा टाकायला मधेच उठून गेली तर ती गटात नव्हतीच असं समजा. थर्मासमध्ये आधी करून ठेवावा.

घर दर आठवड्याला बदलू नका. चार आठवडे एका घरी, मग दुसरीकडे. दर वेळी पत्ता विचारावा लागला की नवा माणूस येत नाही.

गाणी पाठ असलेली घ्या. फोनवर शब्द बघत गायलं की बारा माणसं बारा स्क्रीनमध्ये मान घालून बसतात. "उपासना संगीत" या गीतपुस्तकाच्या चार-पाच प्रती फिरवल्या तरी पुरतात, ना. वा. टिळकांची पदं तर जुन्या घरांत तोंडपाठ असतात. पेटी असेल तर पट्टी रविवारपेक्षा थोडी खाली घ्या. दहा माणसांत वरचा सूर कुणाला झाकता येत नाही आणि लोक गायचं सोडून ओठ हलवायला लागतात. ढोलकी फ्लॅटमध्ये नको.

फ्लॅटचंच आणखी. माइक-स्पीकर अजिबात नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, पण आठ वाजताही नको: बारा माणसांना माइक लागत असेल तर ती बारा नाहीत. शेजाऱ्यांचं खरं दुखणं आवाजापेक्षा चपला असतं. बारा जोड दारासमोर पसरले की समोरच्यांचं दार अडतं. आत पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. गाड्या पाहुण्यांच्या जागेत. आणि शेजाऱ्यांना गट सुरू होण्याआधी एकदा सांगून या की अमुक वारी नऊपर्यंत आमच्याकडे प्रार्थना असते.

लहान मुलं: पहिली दहा मिनिटं गाण्याला सगळी मुलं मोठ्यांबरोबर. मग आतल्या खोलीत, आळीपाळीने दोन मोठी माणसं त्यांच्याबरोबर, खोलीचं दार उघडं. एकटं कुणालाच ठेवायचं नाही, कितीही ओळखीचं असो. मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात सगळे गावी. या दोन महिन्यांत गट ओढून चालवण्यापेक्षा मे सरळ सुट्टी जाहीर करा.

आळीकर:
आमचा रस्ता थोडा वेगळा, मी कॅथलिक, वसईचा. मुंबई महाधर्मप्रांतात छोटे ख्रिस्ती समूह १९८०च्या दशकापासून चालत आलेत, आणि १९९८ला वसई धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा तेही बरोबर आले. १९९०मध्ये आशियातले बिशप इंडोनेशियात बांडुंगला जमले होते, त्यांनी धर्मग्रामाचं (पॅरिशचं) वर्णनच "समूहांचा समूह" असं केलं.

आमच्यातला मोठा फरक म्हणजे गट आवडीप्रमाणे पडत नाही, आळीप्रमाणे पडतो. त्या आळीतला डॉक्टर, रिक्षावाला आणि विधवा आजी, तिघंही एकाच गटात. त्रास होतो. बांधावरून ज्यांची कोर्टात केस चालू आहे ते समोरासमोर बसतात. पण तुम्ही लोकांना आपापला गट निवडू दिलात तर तीन महिन्यांत एक गट शिक्षकांचा, एक गाववाल्यांचा आणि एक भावकीचा होईल, आणि ज्याला कुणी निवडलं नाही तो घरीच बसेल. ९० कुटुंबांचा नकाशा काढा, चालत दहा मिनिटांत पोचता येईल असे भाग पाडा.

वचन वाचायची आमची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली, सात पायऱ्यांची. पहिली, कुणीतरी साध्या शब्दांत प्रभूला बोलावतो. दुसरी, वाचन, सगळ्यांना जागा सापडेपर्यंत थांबायचं. तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक तीच उरकतात: ज्याला जो शब्द लागला तो त्याने मोठ्याने म्हणायचा, तीनदा, मधे थोडं थांबून. स्पष्टीकरण नाही. वर्गप्रमुखांचाच उतारा घेऊ: कुणी म्हणेल "चौघं". थांबा. "चौघं". थांबा. "चौघं". मग कोपऱ्यातून कुणी "आपल्या घरी जा". ज्या बाईला वाचता येत नाही, ज्या माणसाला चारचौघांत वाक्य जुळवता येत नाही, त्यांनाही एक शब्द म्हणता येतो, आणि एकदा आवाज बाहेर पडला की पुढचं सोपं जातं. यानंतर उतारा पुन्हा एकदा वाचायचा. चौथी, तीनेक मिनिटं पूर्ण शांतता; किती ते आधी सांगायचं, नाहीतर लोक चुळबुळतात. पाचवी, आपल्याला काय लागलं ते सांगणं. दुसऱ्याच्या बोलण्यावर टीका किंवा प्रवचन नाही. सहावी, आळीतलं काम: कोण दवाखान्यात आहे, कुणाचा रेशनचा कागद अडलाय, कोण जाणार, कधी. सातवी, मोकळी प्रार्थना.

सहावी पायरी गळाली की काही महिन्यांत ते भजनी मंडळ होतं. मागच्या वेळी ठरलेलं काम झालं का, हे सहाव्या पायरीच्या सुरुवातीलाच विचारायचं.

दापोडीकर:
आळीकर, सात पायऱ्या आमच्याकडेही चालतील असं वाटतं. पण तीन शंका. एक, आमच्याकडे एक वडील आहेत, ते बोलायला लागले की पंधरा मिनिटं थांबत नाहीत. दोन, विनंत्यांचं लगेच व्हॉट्सॲपवर होतं: "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, घरी वाद चालू आहेत." तीन, गट वाढला आणि फोडायची वेळ आली तर लोक तयार होत नाहीत असं ऐकलंय.

वर्गप्रमुख:
वडिलांना गोलात समोर बसवू नका, प्रमुखाच्या शेजारी बसवा. समोरच्याशी नजरानजर होत राहते आणि ते आमंत्रण वाटतं. शेजारच्याकडे वळणं अवघड जातं. त्यांना वाचन द्या, म्हणजे मान राहतो. आणि "एक फेरी, प्रत्येकाचं एकदा झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा नाही" हा नियम दर आठवड्याला सगळ्यांसाठी म्हणून सांगा. तरीही थांबले नाहीत तर प्रमुखाने एकट्याने घरी जाऊन बोलायचं, गटात नाही.

विनंत्यांना दोन नियम. विनंती आपली स्वतःची सांगायची; दुसऱ्याची सांगायची असेल तर त्याला विचारून. आणि फोनवर फक्त "ताईंसाठी प्रार्थना करावी", कारण नाही. एक वही ठेवा, डाव्या पानावर तारीख आणि विनंती, उजवं पान कोरं. तीन महिन्यांनी मागे जाऊन उजवीकडे काय झालं ते लिहायचं. वही प्रमुखाकडे, टीपॉयवर नाही. मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, मुलांशी गैरवागणूक, यातलं काही कानावर आलं तर ती प्रार्थनेची विनंती म्हणून सोडायची नाही. त्याच दिवशी पाळकांना सांगा. धोका समोर असेल तर आधी ११२, मुलांसाठी १०९८. "गुप्तता" हा शब्द इथे आड आणायचा नाही.

फोडण्याला लोक नाही म्हणतात कारण ते अचानक सांगितलं जातं. पहिल्या दिवसापासून उपप्रमुख नेमा आणि महिन्यातून एकदा गट त्याने चालवायचा. चौदा व्हायला लागले की त्याच घरात प्रार्थनेची वेळ दोन खोल्यांत करा, एकीकडे प्रमुख, दुसरीकडे उपप्रमुख. सहा आठवड्यांत लोकांना "आपली खोली" होते. मग दुसरी खोली दुसऱ्या घरी जाते, वार आणि वेळ तीच. तीन महिन्यांतून एकदा दोन्ही गट एकत्र. वाढलेलं घर तसंच ठेवलं तर काय होतं ते मार्क २ मध्येच आहे: दाराशी इतकी गर्दी की ज्याला यायचं होतं त्याला छपरातून यावं लागलं.

"कोरियात सोलच्या एका मंडळीत असे हजारो सेल, म्हणजे घरगट, आहेत, आपणही वर्षात दुप्पट करू" असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आकडा ठरवला की प्रमुख माणसं मोजायला लागतो.

जुना सेवक:
प्रभुभोजन आणि अर्पण राहिलं.

सी.एन.आय.मध्ये प्रभुभोजन दीक्षित (दीक्षाविधी झालेल्या) पाळकाशिवाय नाही, घरगटातही नाही. ब्रदरन मंडळीत भाकर मोडायला दीक्षित माणूस लागत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्यांना हे खटकतं. वाद न घालता कारण सांगा. आजाऱ्याला घरी प्रभुभोजन द्यायचं तर पाळकांना बोलवा आणि गटाला बरोबर बसवा. तसाच बाप्तिस्मा. जो गट स्वतःचा बाप्तिस्मा आणि स्वतःचं प्रभुभोजन सुरू करतो तो गट राहिलेला नसतो, ती वेगळी मंडळी झालेली असते, फक्त पाटी लावायची बाकी.

हा धोका जुना आहे. १६७०मध्ये फ्रँकफर्टला स्पेनर या लुथरन पाळकांनी घरी बैठका सुरू केल्या. त्यातले काही पुढे मंडळीपासून वेगळे झाले. स्पेनर स्वतः शेवटपर्यंत लुथरनच राहिले. तेव्हा प्रमुखांची पाळकांबरोबर महिन्यातून एक बैठक, चुकवायची नाही. उतारे सगळ्या गटांना तेच, शक्यतो गेल्या रविवारच्या संदेशाचे. प्रमुखाची मुदत दोन वर्षं. आणि गट कधीच रविवारी सकाळी नाही.

अर्पण घेऊ नका हे माझं मत. घेतलंच तर दोघांनी मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या, येत्या रविवारी खजिनदाराकडे जमा आणि पावती. "गटाचा फंड" नावाचं काही ठेवू नका. अडचणीतल्या घराला मदत करायची तर किराणा नेऊन द्या. फंड शिल्लक राहिला की गट फोडताना पहिला वाद त्याचाच होतो, आणि तो वीस-पंचवीस हजारांचा नसतो, अठराशे रुपयांचा असतो.

वर्गप्रमुखांच्या आकड्याला एक जोड: सगळे गट एकदम काढू नका. दोन काढा. राखेच्या बुधवारानंतर (लेंटचा पहिला दिवस) ईस्टरपर्यंत सहा आठवडे मिळतात, तेवढी मुदत सांगूनच लोकांना बोलवा. "कायमचं" म्हटलं की लोक घाबरतात, सहा आठवड्यांना हो म्हणतात. शुक्रवारची कॉटेज मीटिंग त्या काळात बंद करू नका, पण महिन्यातून एकदा करा. दोन्ही दर आठवड्याला ठेवलंत तर लोक जुन्याला जातील, तिथे बोलावं लागत नाही म्हणून.

पेटीवाली:
आणि बैठक. सोफ्यावर तिघं, खाली सतरंजीवर सात, असं बसवलंत तर सोफा व्यासपीठ होतो. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची लागणारच, मग सगळ्यांनाच खुर्च्या किंवा स्टूल, शेजारून मागून आणा. टीव्ही नुसता म्यूट नको, बटनावरून बंद. क्रिकेटचा स्कोअर कोपऱ्यात दिसला तरी पुरुषमंडळींची मान तिकडे.

दापोडीकर:
आभारी आहे सगळ्यांचा. दोन गट, चालण्याच्या अंतराने पाडलेले, मंगळवार, सहा आठवडे. उपप्रमुखांची नावं रविवारपर्यंत काढतो. कमिटीत मांडताना पोह्यांचा ठराव पहिला घेणार आहे, आणि तो मांडायला आमच्या खजिनदारांनाच सांगतो. सगळ्यात मोठा हॉल त्यांचाच आहे.